न घेतलेल्या कर्जाचा एक हप्तासुद्धा भरू नका

आधी तुम्ही प्रश्नासोबत टाकलेला तो क्रेडिट रिपोर्टचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा फोटो काढून टाका. त्यात तुमचा पॅन आणि जन्मतारीख दोन्ही स्पष्ट दिसतंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सांगलीत फ्लॅट बुक केलात, गृहकर्जाची फाईल दिलीत आणि बँकेतून कळलं की तुमच्या नावावर अ‍ॅपवरचं १८,००० रुपयांचं कर्ज थकलंय. तुम्ही ते घेतलेलंच नाही. ती वित्त कंपनी म्हणते, भरून टाका, आठवड्यात एनओसी (काही येणं नाही असं पत्र) देतो. घरचेही म्हणतात, एवढ्याशा रकमेसाठी घर कशाला अडकवायचं?

भरू नका. हात जोडून सांगते, कारण मी भरले होते. २०२१ मध्ये माझ्या पॅनवर कोणीतरी ९,४०० रुपये उचलले. वसुलीवाले माझ्या सासूबाईंना फोन करायला लागले तेव्हा मी घाबरले, ३,००० भरले आणि बाकीचं 'सेटल' करून घेतलं. झालं काय, तर माझ्या सिबिल रिपोर्टवर 'सेटल्ड', म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलं, असा शेरा बसला, आणि पुढची प्रत्येक बँक तो शेरा वाचून मला कर्ज बुडवणारी समजायला लागली. नंतर तक्रार केली तर कंपनीचं उत्तर तयार होतं: कर्ज तुमचं नव्हतं तर पैसे का भरलेत? तो शेरा निघायला अकरा महिने गेले.

म्हणून पहिलं काम म्हणजे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. ईमेलही करा आणि स्पीड पोस्टानेही पाठवा, पोच जपून ठेवा. 'माझं कर्ज बंद करा' असं चुकूनही लिहू नका. 'हे कर्ज मी घेतलेलं नाही, माझ्या कागदपत्रांचा गैरवापर झाला आहे' असं लिहा. आणि कागद मागा: कर्जाचा अर्ज, केवायसीची कागदपत्रं आणि फोटो, ओटीपी ज्या मोबाईलवर गेला तो नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा झाली ते. डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम केलेत. मोजके अपवाद सोडले तर रक्कम थेट कर्जदाराच्या स्वतःच्या खात्यात जायला हवी. ती भलत्याच्या खात्यात गेली असेल तर चूक कंपनीची आहे, आणि ते तिलाही कळतं. कर्ज दिल्याच्या तारखेच्या आसपासचं तुमच्या सगळ्या खात्यांचं स्टेटमेंट सोबत जोडा. माझ्या प्रकरणात सगळ्यात जास्त उपयोग याच कागदाचा झाला.

त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा किंवा सायबर क्राईमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि तिची प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाण्यात टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्या.

आता क्रेडिट रिपोर्ट. आपण सगळे सिबिल सिबिल म्हणतो, पण हे रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढा. एकीकडे दुरुस्ती झाली म्हणजे बाकी तिघींकडे झालीच, असं धरून चालू नका.

रिपोर्ट हातात आला की नुसता स्कोअर बघून ठेवून देऊ नका. पत्ते, मोबाईल नंबर आणि ईमेल लिहिलेला भाग ओळ न ओळ वाचा. माझ्या रिपोर्टमध्ये मी आयुष्यात कधी न वापरलेला नंबर आणि दुसऱ्याच राज्यातला पत्ता होता. ते तसंच राहिलं तर सूचनांचे मेसेज चोराकडे जाण्याची भीती असते. त्यामुळे कर्जाबरोबर या नोंदींवरही तक्रार टाका. मग 'एन्क्वायरी' बघा. कोणकोणत्या कंपनीने तुमचा रिपोर्ट मागवला हे तिथे दिसतं. अनोळखी नावं असतील तर त्यांनाही आत्ताच कळवा, म्हणजे दुसरं कर्ज उभं राहायच्या आत अडेल.

तक्रार टाकताना 'हे खातं माझं नाही' हाच पर्याय निवडा. क्रेडिट कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते, म्हणून वरचं पत्र आधी गेलेलं बरं. कर्ज देणाऱ्याला २१ दिवस आणि सगळं निस्तरायला एकूण ३० दिवस मिळतात. त्यापुढे गेलं तर रोजचे १०० रुपये भरपाई, हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. ती भरपाई मागायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटणारं आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करा. फी नाही, वकील लागत नाही.

वसुलीवाल्यांशी फोनवर वाद घालू नका. 'प्रकरण पोलिसात आहे, जे असेल ते लेखी पाठवा' एवढंच बोला. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर त्यांना फोन करायची परवानगी नाही. केला तर वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा.

पुढच्यासाठी: आधारचं बायोमेट्रिक लॉक करा. जिथे चालेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा. आणि झेरॉक्स देताना मजकुरावरूनच तिरकं लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. माझी कागदपत्रं एका लॉजच्या काउंटरवरून गेली असावीत असा माझा संशय आहे, सिद्ध करता आलं नाही.

राहिली गृहकर्जाची फाईल. ती मागे घेऊ नका. पोलीस तक्रार, कंपनीला दिलेलं पत्र आणि क्रेडिट कंपन्यांचे तक्रार क्रमांक असा एक संच बँकेच्या शाखेत द्या, प्रतीवर शिक्का घ्या आणि निकाल लागेपर्यंत फाईल नाकारू नका अशी लेखी विनंती करा. बिल्डरकडूनही पुढच्या हप्त्याची मुदत आजच लेखी वाढवून घ्या, तोंडी कबुलीवर राहू नका.