आधी फंक्शन लिहावे, मग स्लायडर जोडावा

प्रश्न : मी पदवीच्या वर्गाला संख्याशास्त्र शिकवते. ‘आर’ या संगणकभाषेतील, आकडे बदलताच आलेख बदलणारी ॲप बनवण्याची ‘शायनी’ ही साधनसंच-प्रणाली वापरून साथीच्या प्रसाराचे एक ॲप मी तयार केले आहे. परंतु आलेखाचा नुसता रंग बदलला तरी सगळी समीकरणे पुन्हा सोडवली जातात आणि वर्ग ताटकळत बसतो. शिवाय आलेख बरोबर आहे की नाही, हे कशावरून ठरवावे?
— एक प्राध्यापिका, सोलापूर

उत्तर : अवकल समीकरणे सोडवणारा भाग आपण आलेख काढणाऱ्या ‘रेंडरप्लॉट’मध्येच लिहिला असावा. शायनीचे काम एक्सेलसारखे चालते; एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेलेच भाग पुन्हा मोजले जातात. मात्र रंग आणि गणित एकाच ठिकाणी लिहिले असेल, तर तिला दोन्ही कामे एकदमच करावी लागतात. म्हणून संसर्गदर, आजाराचे दिवस आणि लोकसंख्या घेऊन रोजची रुग्णसंख्या देणारे एक साधे फंक्शन आधी लिहावे, ते ‘रिॲक्टिव्ह’मधून, म्हणजे आकडे बदलेपर्यंत काढलेले उत्तर जपून ठेवणाऱ्या शायनीच्या भागातून, चालवावे आणि आलेख व तक्ता या दोघांनीही तेथूनच उत्तर घ्यावे. स्लायडर, म्हणजे आकडे बदलण्याची सरकपट्टी, ओढताना होणारा खोळंबा ‘डिबाउन्स’ने टळतो; हात थांबेपर्यंत ते गणित रोखून धरते.

फंक्शन वेगळे केले की ते ॲप न उघडताही तपासता येते, आणि मला हा लाभ वेगापेक्षाही मोठा वाटतो. संसर्गदर दररोज ०.४, आजार ५ दिवसांचा आणि आरंभी एक लाखात एकच रुग्ण, असे आकडे देऊन साथ ओसरेपर्यंत ते चालवावे. शेवटी सुमारे ८० टक्के लोकांना संसर्ग झालेला दिसायला हवा, आणि निरोगी, बाधित व बरे झालेले यांची बेरीज रोज एक लाखच भरायला हवी. ती भरली नाही, तर आलेख कितीही देखणा असला तरी तो वर्गात दाखवू नये.

त्यानंतर आलेखावर खरे आकडेही ठेवावेत. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ साली निरोगी, बाधित व बरे झालेले अशा तीन गटांचे हे प्रतिमान (मॉडेल) मांडले, तेव्हा पडताळ्यासाठी मुंबई बेटावरील डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळातील प्लेगचे साप्ताहिक मृत्यू घेतले होते. त्यांची वक्ररेषा सतराव्या आठवड्याच्या सुमारास ८९० मृत्यूंपर्यंत चढून उतरते आणि प्रत्यक्ष आकड्यांशी चांगली जुळते. तरीही प्लेग मुळात उंदरांचा, पिसवांमार्फत माणसाला होणारा आणि ऋतूनुसार वाढणारा रोग असल्याने स्थिर दर मानणारे हे समीकरण त्याला काटेकोरपणे लागू पडत नाही, आणि त्या दोघांनीही ही मर्यादा आपल्या निबंधात नोंदवली होती. आपल्या विद्यार्थ्यांना स्लायडर सरकवून ती रेषा मुंबईच्या ठिपक्यांवर बसवू द्यावी, आणि ती बसल्यावर या आकड्यांत उंदीर कोठे आहेत, असे त्यांना विचारावे.