'सांगाड्याचा वंश' म्हणावे का?

प्रश्न असा आहे : न्यायवैद्यक मानवशास्त्रावरच्या (तपासासाठी हाडांवरून माणसाची ओळख पटवण्याच्या शास्त्रावरच्या) लेखाचा अनुवाद करताना 'ॲन्सेस्ट्री एस्टिमेशन'साठी, म्हणजे माणसाचे पूर्वज कोणत्या लोकांतले याच्या अंदाजासाठी, 'वंशनिश्चिती' चालेल का?

माझ्या मते नाही. 'निश्चिती' तर आधी काढाच, कारण मूळ शब्दप्रयोगच अंदाजाचा आहे. 'वंश'ची अडचण वेगळी. 'वंशाचा दिवा', 'यादव वंश' यांत तो कुळ सांगतो, तर 'वंशद्वेष', 'वंशभेद' यांत 'रेस'. हाडांच्या संदर्भात वाचक 'रेस' हाच अर्थ घेणार. आणि तज्ज्ञ नेमके त्यापासूनच दूर सरकत आहेत. आधी 'रेस' म्हणत, मग 'ॲन्सेस्ट्री', आता 'पॉप्युलेशन ॲफिनिटी' (लोकसमूहाशी जवळीक) म्हणतात.

(संस्कृतात वंश म्हणजे बांबूही. म्हणून पाठीचा कणा तो पृष्ठवंश आणि नाकाचा दांडा तो नासावंश. त्या अर्थाने सांगाड्यात वंश असतोच! नाकाच्या छिद्राची रुंदी आणि त्याची खालची कड धारदार की बोथट, हे या अंदाजात आवर्जून बघतात.)

शब्द किती गोंधळ घालतो ते केनेविकच्या सांगाड्याने दाखवले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीत सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला. पहिल्या तपासणीत त्याच्या कवटीची लक्षणे 'कॉकेसॉइड' (जुन्या वर्गीकरणात युरोपीय वगैरे लोकांचा गट) म्हणून वर्णिली गेली. लोकांनी त्याचा सरळ 'गोरा माणूस' केला. सांगाड्यावर कोणाचा हक्क, यावरून वर्षानुवर्षे कोर्टबाजी चालली. २०१५ मध्ये डीएनएने सांगितले, की हा माणूस अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनाच सर्वांत जवळचा. २०१७ मध्ये त्या भागातल्या मूळ रहिवाशांच्या जमातींनी त्याचे दफन केले.

संगणकही 'वंश' सांगत नाही. फोरडिस्क या प्रोग्रॅमला कवटीची मापे दिली, की तो ती आपल्याकडच्या नमुना-गटांशी ताडून सर्वांत जवळचा गट आणि त्याची संभाव्यता देतो. माणूस ज्या गटातला, तो गट संग्रहात नसला तरी असलेल्यांपैकी कोणीतरी जवळचा निघतोच. फोरडिस्क ज्यांच्याशीही ताडून बघतो त्या, मानवशास्त्रज्ञ हॉवेल्स यांच्या प्रसिद्ध कवटी-मापांत अंदमानचे लोक आहेत, भारताच्या मुख्य भूमीवरचा एकही गट नाही. तिथे सोलापूरच्या माणसाचा 'वंश' काय निघणार?

म्हणून शीर्षकात 'पूर्वजगटाचा अंदाज' लिहा. मजकुरात तर नाम टाळून वाक्यच फिरवा : 'कवटीची ठेवण अमुक लोकसमूहाशी मिळतीजुळती आहे.' चेहऱ्याची ठेवण आपण रोज म्हणतो, तेव्हा शब्द परका वाटणार नाही. 'अस्थी' मात्र नको, तिथे हाडेच बरी; नाहीतर विसर्जन आठवते.

अपवाद जुन्या काळाचा. इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला जर्मन मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशर यांच्याकडे कवट्यांच्या असमितीवर (डावी-उजवी बाजू सारखी नसण्यावर) संशोधन करत होत्या. युरोपीय कवटी त्या बाबतीत वेगळी, असे फिशर यांचे म्हणणे. बाईंना मापांत तसा फरक आढळला नाही. तिथे वाद वंशाचाच होता, तेव्हा 'वंश'च लिहावे.