अंतर २९ मिनिटांचं, तिकीट सव्वा तासाचं

प्रश्न: दोन लहान विमानतळांमधलं हवाई अंतर संकेतस्थळावर ३८४ किलोमीटर आणि वेळ २९ मिनिटं दिसते. तिकिटावर मात्र सव्वा तास आहे. खरं काय धरायचं?

उत्तर: तिकीट. संकेतस्थळाचं अंतर बरोबर आहे, पण त्याने ३८४ला थेट ८००ने भागलंय. ताशी ८०० किलोमीटर हा पूर्ण उंची गाठलेल्या जेटचा वेग. छोट्या मार्गांवर अनेकदा एटीआर ७२सारखं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांवर चालणारं, विमान असतं आणि त्याचा वेग ताशी सुमारे ५००, तोसुद्धा वर पोचल्यावर. चढताना तो बराच कमी असतो. उतरणंही फार आधी सुरू होतं. दर हजार फुटांना ३ सागरी मैल, असा वैमानिकांचा आडाखा आहे. म्हणजे २०,००० फुटांवरून ६० सागरी मैल, जवळपास १११ किलोमीटर. ३८४पैकी पाव भागाहून जास्त वाट उतरणीचीच!

शिवाय विमान सरळ रेषेत जात नाही. उड्डाणानंतर मार्गाला लागायचं आणि उतरताना वळून धावपट्टीच्या रेषेत यायचं, यासाठी ५ ते १० टक्के अंतर वाढवून धरा. आता मांडून बघा: ४१० किलोमीटरला ताशी ५००ने ४९ मिनिटं, चढ-उताराची १०, दोन्हीकडे विमानाच्या जमिनीवर चालण्याची मिळून १५. झाली ७४ मिनिटं. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतची असते. तिला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. याच मार्गावर जेट असलं तरी साधारण तास लागेलच, कारण वेग पकडेपर्यंत उतरायची वेळ येते. दोन्ही ठिकाणांची घड्याळं वेगळी असतील, तर तिकिटावर स्थानिक वेळा असतात. थेट वजाबाकी करू नका.

प्रश्न: अंतर कागदावर काढता येतं का?

उत्तर: येतं, आणि ५०० किलोमीटरच्या आत छान जमतं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश ध्रुवांकडे आखडत जातो, म्हणून १११ला सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. फरक २ अंश अक्षांश, ३ अंश रेखांश आणि सरासरी अक्षांश २० असेल, तर एक बाजू २२२, दुसरी ३ × १११ × ०.९४ म्हणजे ३१३. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ३८४.

घोळ होतो तो आकडे उतरवताना. एका अंशाची ६० मिनिटं असतात, म्हणून २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.३० नव्हे, २०.५. एवढ्यानेच २२ किलोमीटरची चूक होते. शहराच्या मध्याचे आकडे घेऊ नका, विमानतळाचेच घ्या. आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, रस्त्यावरचा मैल १.६०९चा, दोन्ही एक समजू नका.

प्रश्न: परतीला जास्त वेळ का लागतो?

उत्तर: वाऱ्यामुळे. ४०० किलोमीटर ताशी ५००ने गेलं तर ४८ मिनिटं. ताशी ६०चा वारा पाठीशी असेल तर ४३, समोरून असेल तर साडेचोपन्न. जाताना वाचली ५ मिनिटं, येताना गेली साडेसहा. कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.