आकृत्यांतच मार्क जातात

प्रश्न : अकरावीत आहे. मे महिन्यात एपी (अमेरिकेच्या कॉलेज बोर्डाची, कॉलेजच्या पातळीची) मॅक्रोइकॉनॉमिक्सची परीक्षा देणार. व्याख्या तोंडपाठ आहेत, पण आकृत्यांत मार्क जातात. काय करू?
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : अगं बाळा, व्याख्या कोणी विचारतच नाही! 70 मिनिटांत 60 बहुपर्यायी प्रश्न, मग 3 लेखी, आकृत्या तिथेच. माझी भाची दर वेळी अक्षांना नावं द्यायला विसरायची. शेवटी मी तिला किराण्याच्या पावत्यांमागे रोज दोन आकृत्या काढायला लावल्या. पैशाच्या बाजारात उभ्या अक्षावर नाममात्र व्याजदर (महागाई वजा न केलेला), कर्जाऊ निधीच्या बाजारात वास्तव व्याजदर (महागाई वजा केलेला). इथे भले भले घसरतात.

गुणकाचंही, म्हणजे खर्चाच्या किती पट उत्पन्न वाढतं त्याचंही, तसंच. सीमांत उपभोग प्रवृत्ती, म्हणजे हाती आलेल्या जादा रुपयातला खर्च होणारा वाटा, 0.8 असेल, तर सरकारने 100 कोटी खर्च केले की उत्पन्न जास्तीत जास्त 500 कोटींनी वाढतं. पण तेवढीच करकपात केली तर 400 कोटींनीच, कारण पहिल्या फेरीतच लोक 20 कोटी बाजूला टाकतात. हे एकदा स्वतः मांडून बघ.

आणि सराव पहाटे कर. मे महिन्यात नागपूरची दुपार अभ्यासाची नसते.