कारमध्ये कॉम्प्युटर बसवायचाय, पण एकही वायर दिसायला नको. नियोजन कसं करावं?

तुमच्या प्रश्नावरून कळतं ते असं: पेट्रोल हॅचबॅक, डाव्या सीटखाली रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं ‘पाय’), डॅशबोर्डवर सात इंची टच स्क्रीन, आणि १२ व्होल्टच्या सॉकेटमधून लोंबणारी केबल नको. हे नक्की जमतं. फक्त पॅनेल उघडायच्या आधी एक संध्याकाळ कागद-पेन्सिल घेऊन बसा.

कागदावर गाडीचा आराखडा काढा आणि जिथून वायर न्यायचीच नाही त्या जागा आधी लाल करा. एअरबॅगचं वायरिंग बहुतेक गाड्यांत पिवळ्या स्लीव्हमध्ये किंवा पिवळ्या कनेक्टरचं असतं. त्याला आपली वायर बांधायची नाही, आणि ते कनेक्टर इग्निशन चालू असताना काढायचेही नाहीत. कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असेल तर पुढच्या काचेशेजारच्या खांबातून वायर एअरबॅगच्या पुढून जाता कामा नये, नाहीतर फुगताना ती अडसर होईल. सीटखालीसुद्धा पिवळे कनेक्टर असू शकतात, टॉर्च मारून बघा. स्टिअरिंगचा दांडा आणि पेडलच्या वरची जागाही लाल. ब्रेकच्या पेडलवर वायर सुटून पडली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. हे सगळं वगळून जे उरतं, तोच तुमचा मार्ग.

आता वीज. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. फ्यूज बॉक्सजवळ ५ व्होल्टचा चार्जर बसवून तिथून लांब केबल सीटखाली नेणं सोपं वाटतं, पण हिशोब करून बघा. फ्यूज बॉक्सपासून सीटखालपर्यंत वळणं धरून ३ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर. ०.५ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०३५ ओहम, म्हणजे एकूण ०.२१. पायने ३ अँपिअर ओढले की ०.६३ व्होल्ट वाटेतच जातात. ५.१ चे उरले ४.४७, आणि ४.६३ च्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजची सूचना देऊ लागतो. तेच १२ व्होल्ट नेले तर त्याच कामाला दीड अँपिअरही लागत नाही. ०.३ व्होल्ट गळाले तरी १२ चे ५ व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरला फरक पडत नाही. म्हणून लांबचा पल्ला १२ व्होल्टने गाठा आणि कन्व्हर्टर पायपासून वीतभर अंतरावर ठेवा. वायर १ स्क्वेअर एमएमची घ्या, फरक थोड्या रुपयांचा आहे.

कन्व्हर्टर गाडीसाठी बनवलेलाच हवा. गाडीचे १२ व्होल्ट इंजिन चालू असताना १४ च्या वर जातात, आणि स्टार्टर फिरताना क्षणभर ७-८ पर्यंत उतरतात.

एवढ्या लोडसाठी थेट बॅटरीपर्यंत जायची आणि त्यासाठी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर काढायची काहीच गरज नाही. केबिनमधल्या फ्यूज बॉक्सवर दोन फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा लाइन देणारे जोड) लावा, एक कायम चालू लाइनवर, दुसरा चावीने चालू होणाऱ्या लाइनवर. कंपनीची मूळ वायर कापू नका, वॉरंटीचा वाद आपणहून ओढवून घेण्यासारखं ते आहे. दोन लाइन यासाठी, की चावी काढताच वीज गेली तर मेमरी कार्ड खराब होण्याचा धोका असतो. चावीची लाइन पायला फक्त ‘आता बंद हो’ एवढं सांगते. तो नीट बंद झाल्यावर टायमर रिले (ठरल्या वेळाने आपोआप पडणारा स्विच) ती कायम चालू लाइन तोडतो. चावीची लाइन पायच्या पिनांना थेट जोडू नका. त्या ३.३ व्होल्टच्या आहेत, मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशाने इशारा पोचवून दोन्ही बाजूंची वीज वेगळी ठेवणारा भाग) लागतो. आणि रिले टाळायचा विचारही करू नका. रिकामा बसलेला पाय साधारण ३ वॉट खातो, म्हणजे दिवसाला ६ अँपिअर-तास. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी घेऊन आठवडाभर गावाला गेलात तर परत आल्यावर गाडी सुरू होणार नाही.

मार्ग मी असा आखेन: फ्यूज बॉक्समधून डॅशबोर्डच्या आत वरच्या बाजूने मधल्या कन्सोलपर्यंत, तिथून गिअरच्या बाजूने मॅटिंगखालून सीटपर्यंत. स्क्रीनची एचडीएमआय आणि यूएसबी केबल कन्सोलच्या दुसऱ्या अंगाने न्या. एचडीएमआयचं मोठं डोकं फटीतून जात नाही, म्हणून ती डॅशबोर्डकडून सीटकडे ओढा. पायकडचं मायक्रो डोकं सहज सरकतं. अर्थिंग कंपनीच्या अर्थ पॉइंटवर घ्या, सीटच्या किंवा बेल्टच्या बोल्टवर नको, ते बोल्ट सुरक्षेचे आहेत. सीट मागेपुढे सरकते, त्यामुळे डबा आणि वायर दोन्ही फ्लोअरला बांधा, सीटला नाही.

साधी काळी पीव्हीसी टेप उन्हात चिकट होऊन सुटते. कापडी हार्नेस टेप वापरा, तिने वायर पॅनेलवर वाजतही नाहीत. पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी मॅटिंगखाली मुरतं, म्हणून डबा फ्लोअरपासून इंचभर उचला आणि सांधे मॅटिंगखाली ठेवू नका.

पॅनेल लगेच बंद करू नका. आठवडाभर तशीच गाडी चालवा, खड्ड्यातून न्या, सीट पूर्ण पुढेमागे करून बघा. मग प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावा, मेजरिंग टेप शेजारी धरून फोटो काढा आणि मगच क्लिपा दाबा.