तिसऱ्या फोटोतला मासा

प्रिय छोट्या मैत्रिणीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे तिन्ही फोटो मिळाले. पहिल्या दोन माशांबद्दल तू दोन पानं भरून लिहिलंस आणि तिसऱ्याखाली एवढंच: ‘छोटासाच होता, नाव माहीत नाही, सोडून दिला.’ हे पत्र मी त्या तिसऱ्या माशासाठी लिहितो आहे.

एकाच माशाच्या मागे लागावं, की गोड्या पाण्यात जे जे राहतं ते सगळं पकडायला शिकावं, असं तू विचारलंस. निदान पहिली पाच वर्षं तरी सगळं, असं माझं ठाम मत आहे. मी स्वतः याच्या उलट केलं. सुरुवातीची सात वर्षं एका मोठ्या माशासाठी बसलो. तोच डोह, तेच आमिष, तीच जाड दोरी. मासे मिळालेही. पण सात वर्षांनी मला एक मासा कळत होता, पाणी कळत नव्हतं. माझ्या पायाशी घोटाभर पाण्यात कोण फिरतंय, हे मी कधी वाकून पाहिलं नव्हतं. ती वर्षं वाया गेली असं नाही म्हणणार, पण तुझी तशी जाऊ नयेत असं मनापासून वाटतं.

हे बघ, नद्या आणि तळी मिळून पृथ्वीवरच्या पाण्याचा शेकडा एक भागही होत नाही. तरी माशांच्या ज्या ३५,००० हून अधिक जाती आज ठाऊक आहेत, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या गोड्या पाण्यात राहतात. एवढ्याशा पाण्यात एवढे सगळे मावतात ते वाटून घेऊन राहतात म्हणून. कुणी वरचा थर घेतला, कुणी तळ. कुणी दिवस, कुणी रात्र. कुणी वाहती धार, तर कुणी गाळाने भरलेला कोपरा. आपण एकच आमिष एकाच खोलीवर सोडतो आणि ‘आज मासे नाहीत’ म्हणून उठतो, तेव्हा खरं तर आपण एकाच घराची कडी वाजवून अख्खं गाव रिकामं ठरवलेलं असतं.

कोण कुठे राहतं हे ओळखायची सुरुवात तोंडापासून कर. मासा हातात आला की आधी लांबी मोजू नकोस, तोंड बघ. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरात खातो. रोहूच्या ओठांना झालर असते आणि तोंड किंचित खाली, तो मधल्या थरातला. मृगळाचं तोंड त्याहून खाली, तो तळ चाचपतो. मत्स्यशेती करणारे हे तिघं एकाच तळ्यात सोडतात ते याचसाठी, कारण ते एकमेकांच्या ताटात फारसा हात घालत नाहीत. ही एक गोष्ट नीट कळली तर फ्लोटखाली, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली, दोरी किती सोडायची हा प्रश्न निम्मा सुटतो. अनोळखी पाण्यावर गेलीस तरी पहिल्या चार छोट्या माशांची तोंडं बघून ते कुठे खातात याचा अंदाज येतो. मोठ्या माशाची वाट बघत बसलेल्याला हे चार मासे दिसतच नाहीत.

तोंडानंतर मिशा. शिंगी, मागूर यांच्यासारख्या मिशाळ माशांना डोळ्यांची फारशी गरज नसते. त्यांच्या मिशांवरच नव्हे, तर सगळ्या कातडीवर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात. मासा अख्खा एक जीभ असल्यासारखा पाण्यात फिरतो. म्हणून गढूळ पाणी, रात्र आणि वासाचं आमिष. तिथे चकचकीत ल्युअर, म्हणजे खोटं आमिष, फिरवून उपयोग नाही. मरळीचं उलट आहे. ती पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसते, वरून काही हललं की झेप घेते. बेडकासारखा ल्युअर शेवाळावरून हळू ओढ, मध्ये थांबव, पुन्हा ओढ. ती झेप एकदा पाहिलीस की विसरणार नाहीस.

मरळीचा विषय निघालाच आहे तर एक कळकळीचं सांगतो. कधी पाण्याच्या वरच्या थरात तांबूस-नारिंगी पिल्लांचा झुबका एकत्र हलताना दिसेल. त्याच्या खाली आई-बाप असतात, राखण करत. त्या वेळी ते समोर येईल त्यावर तुटून पडतात, भुकेनं नाही, पिल्लांसाठी. तिथे गळ टाकणं अगदी सोपं असतं. तू टाकू नकोस. राखणदार उचलला की थोड्याच वेळात बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात. माझ्या डोळ्यांदेखत हे झालं आहे. गळ दुसऱ्या कुणाचा होता, पण मी शेजारी उभा राहून काहीच बोललो नाही, ते अजून सलतं.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण तुझा दुसरा प्रश्न ‘गरम दिवसात काही लागतच नाही’ असा होता. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. शून्य अंशाला एका लिटर पाण्यात साधारण १४.६ मिलिग्रॅम मावतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना ७.५ च्या आसपास. गार पाण्यातल्या ट्राउटला हे फार जड जातं, रोहू-कटल्यासारख्या कार्पच्या जातीही सुस्तावतात. मग त्यांना शोधायचं तर जिथे पाणी दगडांवरून पडून फेसाळतं तिथे, आणि पहाटे. भर दुपारी त्यांना त्रास देऊच नये, कारण दमलेला मासा कोमट पाण्यात सोडला तरी पुष्कळदा सावरत नाही. पण मरळ, शिंगी, मागूर यांना वर येऊन हवेतला प्राणवायू घेता येतो. ज्या दिवशी रोहू तुझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, त्याच दिवशी त्याच तळ्याच्या उथळ कोपऱ्यात मरळ जागी असते. अनेक जातींच्या मागे असण्याचा हा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा. पाण्यावर गेलं की त्या दिवसाचा मासा कोणता, एवढंच शोधायचं उरतं.

साहित्याचं तू बरंच विचारलंस, पण ते मी थोडक्यात आटोपतो. दोन रॉड पुरे. एक सहा-सात फुटी हलका, ४ ते ८ पौंडी दोरीचा (पौंड म्हणजे दोरी किती ओढीला तुटते ते). दुसरा मध्यम, १५ ते २० पौंडी दोरीचा. गळांच्या नंबरांत गोंधळू नकोस. १६ नंबरचा गळ ८ नंबरपेक्षा लहान असतो, १ नंबरपर्यंत आकार वाढत जातो आणि त्यापुढे १/०, २/० असे आणखी मोठे. सुरुवात नेहमी लहान गळाने कर. लहान गळाला मोठा मासा लागू शकतो, मोठा गळ लहान माशाच्या तोंडात मावतच नाही. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाक, दोरी ताणलेली ठेवलीस तर मासा सहसा सुटत नाही आणि सोडवताना त्याचं तोंड फाटत नाही. वर्तुळाकार गळ वापरशील तेव्हा झटका देऊ नकोस, नुसतं रील फिरवत जा, गळ आपोआप ओठाच्या कोपऱ्यात बसतो. गाठ आवळण्याआधी ओली कर, कोरडी आवळली तर घर्षणाने नायलॉन तिथेच कमजोर होतं. वजनाला शिसं शक्यतो नकोच. तळातले बारीक शिशाचे मणी राजहंसांच्या पोटात जाऊन ते मरत होते, म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८७ साली अशा वजनांवर बंदी आली. टंगस्टन किंवा टिनचे मणी मिळतात, ते घे. आणि कार्बन रॉडमधून वीज वाहते. ढग गडगडू लागले की रॉड खाली ठेवून सुरक्षित जागी जा. विजेच्या तारांखाली तर तो कधीच उभा धरू नकोस.

काठावर हळू चाल. ही केवळ जुन्या माणसांची शिकवण नाही. कार्प आणि मिशाळ माशांमध्ये हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत इवल्याशा हाडांची साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८२० साली तिचं वर्णन केलं. त्या साखळीमुळे या माशांचं ऐकणं इतर कित्येक माशांपेक्षा तीक्ष्ण असतं. बाहेरचं सगळं जग माशाला डोक्यावरच्या साधारण ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं. काठालगतच्या, पाण्यालगतच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला चेपलेल्या दिसतात. म्हणून खाली बसून गळ टाक. उभी राहिलीस की तू खिडकीत ठळक दिसतेस.

मासा हातात घेण्याआधी तो कोण आहे हे ओळखायची सवय लाव. एकदा संध्याकाळच्या अंधुक उजेडात मी न बघता मूठ आवळली आणि शिंगीचा काटा तळव्यात गेला. छातीच्या परातला तिचा काटा विषारी असतो. हात कोपरापर्यंत ठणकत होता. असं झालं तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, त्या उष्णतेनं वेदना बरीच उतरते, आणि मग डॉक्टरकडे जायचं.

तुझ्या पहिल्या फोटोत मासा गवतावर ठेवलेला आहे. ते पुन्हा नको. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं चिलखत आहे, कोरड्या हातांनी आणि गवताने ते पुसलं जातं. आधी हात ओले कर, पोटाखाली आधार दे, फोटो पाण्याच्या अगदी वर धरून काढ. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रेनबो ट्राउट दमेपर्यंत पळवले होते. हवेत न काढलेल्यांपैकी ८८ टक्के १२ तासांनी जिवंत होते. ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ६२ टक्के, आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी फक्त २८ टक्के. प्रयोगशाळेतले आकडे नदीला जसेच्या तसे लागू होत नाहीत, जातीजातीतही फरक असतो. तरी तेव्हापासून मी मासा बाहेर काढताना स्वतःचा श्वास रोखतो. मला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात.

तू जातींची यादी करते आहेस, जरूर कर. पहिल्या वर्षी ती भराभर वाढेल, मग रेंगाळेल. घसरण तिथेच असते. आकडा वाढावा म्हणून कुणी बंदीच्या काळात जातं, कुणी संरक्षित मासा गाठतं, कुणी पोटाला किंवा शेपटीला गळ अडकलेला मासाही मोजतं. तू तोंडात गळ घेतलेलाच मोज, आणि प्रत्येक पाण्याचे नियम व परवानगी आधी विचारून घे. इथला मासा तिथे सोडणं तर कधीच नको. १९५०च्या दशकात आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा सोडला गेला आणि पुढे तिथल्या सिक्लिड माशांच्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या, कितीतरी जाती नाहीशा झाल्या. उरलेलं जिवंत आमिषही दुसऱ्या पाण्यात ओतायचं नाही. जाळी, बूट, बादली वाळवूनच पुढच्या पाण्यावर ने.

यादी रेंगाळली की लहान माशांकडे वळ. जपानमध्ये तनागो नावाचे बोटाएवढे मासे पकडण्याची जुनी कला आहे. त्यांचे गळ इतके सूक्ष्म असतात की भिंगाखाली घासून धारदार करतात. तिथे कुणी ‘छोटासाच होता’ म्हणत नाही.

म्हणून आता तुझा तिसरा मासा. मी तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. रुपेरी अंग, मोठे खवले, शेपटीच्या मुळाशी काळा ठिपका, पाठीच्या पराच्या बुडाशी आणखी एक पुसट डाग. पुंटियस या छोट्या माशांच्या वंशातला आहे यात मला शंका नाही. माझ्या मते तो पुंटियस सोफोरे तरी असेल किंवा पुंटियस चोला. दोघांनाही असे डाग असतात. पण चोलाच्या तोंडाच्या कोपऱ्यांशी मिशांची एक बारीक जोडी असते, सोफोरेला मिशा नसतात. तुझ्या फोटोत नेमकं तोंडावर तुझं बोट आहे.

पुढच्या वेळी एक छोटी पारदर्शक डबी घेऊन जा. तिच्यात त्याच तळ्याचं पाणी भर, १६ नंबरचा गळ, फ्लोटखाली वीतभर दोरी, तांदळाएवढा कणकेचा गोळा. मासा डबीत सोड, बाजूने एक फोटो पर पसरलेले असताना, एक फक्त तोंडाचा, आणि लगेच त्याला जाऊ दे. वहीत पाण्याचा रंग, खोली, वेळ आणि आमिष लिही. मिशा दिसल्या की नाही ते मला कळव, मी वाट बघतो आहे.

तुझा,
काका