पहिला पिक-सेट घेताना आधी कुलूप बघा

तुम्ही विचारलंय की छंद म्हणून कुलपं उघडायला शिकायचंय, तर पिकचा, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या बारीक हत्यारांचा, ऑनलाइन मिळणारा वीस-बावीस नगांचा सेट आणि त्याच्यासोबत येणारं पारदर्शक कुलूप घ्यावं, की परदेशी कंपनीचा महागडा सेट मागवावा. माझं उत्तर: मोठा सेट कुठलाच घेऊ नका. दोन चांगले हुक (टोकाशी वळलेले पिक, एकेक पिन उचलायला), एक रेक (उंचसखल तोंडाचा पिक, अनेक पिना एकदम हलवायला) आणि चार-पाच टेन्शन पट्ट्या (कुलपाला पीळ द्यायला) एवढ्यावर भरपूर शिकून होतं. पण पैसे खर्च करण्याआधी आपण कोणतं कुलूप उघडणार आहोत ते ठरवा. आपल्याकडे नवीन माणसाचा हिरमोड होतो तो बहुतेक वेळा इथेच.

बाजारातले जवळजवळ सगळे सेट पिनच्या कुलपांसाठी असतात, म्हणजे ज्यात किल्ली स्प्रिंगवरच्या छोट्या पिना उचलते ती. लायनस येल यांनी 1861 साली चपट्या छोट्या किल्लीच्या ज्या कुलपाचं पेटंट घेतलं, त्याच जातीची ही कुलपं. अमेरिकेत घराच्या दारालाही तेच आणि गोदामालाही तेच, म्हणून तिथले व्हिडिओ बघताना हा प्रश्न पडतच नाही. आपल्या घरी कडीला लटकणारं कुलूप मात्र बहुधा लिव्हरचं असतं, म्हणजे आत पिनांऐवजी सपाट पत्रे असतात आणि किल्ली ते उचलते. गोदरेजचं नवताल लिव्हरचं, आणि अलीगढहून येणाऱ्या कुलपांतही लिव्हरची खूप. त्यात पिकच्या सेटमधली नाजूक टेन्शन पट्टी घातली तर ती नुसती वाकते. मग माणूस म्हणतो, सेट भिकार निघाला. खरं तर सेट भलत्याच कुलपाला लावलेला असतो.

ओळखायचं कसं? किल्ली हातात घ्या. पिनच्या कुलपाच्या किल्लीला एका कडेने डोंगररांगेसारखे तिरपे दाते असतात आणि दोन्ही अंगांना लांबच्या लांब खाचा असतात. लिव्हरच्या किल्लीला टोकाशी चौकोनी पायऱ्या कापलेल्या दिसतात आणि अंग सपाट असतं. शंका असेल तर भोकात टॉर्च मारा. वाकडीतिकडी अरुंद चीर आणि तिच्यात पितळी पिनचं टोक दिसलं, ते टोक काडीने दाबल्यावर परत जागेवर आलं, तर पिनचंच कुलूप. दात्यांऐवजी किल्लीवर गोल खळगे असतील तर ते कुलूप सध्या बाजूला ठेवा. त्याला वेगळी हत्यारं लागतात.

जाता जाता सांगतो, आपला रस्त्यावरचा चावीवाला बहुतेक वेळा पिक वापरतच नाही. तो कोरी किल्ली आत घालून घट्ट फिरवतो, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा उजेडात धरून बघतो आणि नेमकी तेवढीच जागा कानशीने घासतो. ही स्वतंत्र विद्या आहे, फार सुंदर आहे, आणि लिव्हरचं कुलूप पुढे शिकायचं असेल तर अशा माणसाशेजारी तासभर बसायला मिळणं हे भाग्य समजा.

तेव्हा पहिली खरेदी हार्डवेअरच्या दुकानात. चार किंवा पाच पिनांचं, साध्या दात्यांच्या किल्लीचं पितळी कुलूप घ्या. जमलं तर दाराच्या नाइट लॅचचा सुटा सिलिंडरही, म्हणजे किल्ली घालायचा गोल भाग, घ्या. सिलिंडर मागून खोलता येतो, पिना काढून ठेवता येतात. आधी एकच पिन ठेवून उघडायचं, मग दोन, मग तीन. खोलताना खाली परात ठेवा, कारण त्यातल्या स्प्रिंगा तांदळाच्या दाण्याहून बारीक असतात आणि उडाल्या की सापडत नाहीत. पारदर्शक कुलूप आत काय चालतं ते डोळ्यांनी बघायला ठीक आहे. त्यावर सराव करू नका. ते इतकं सैल असतं की हाताला काहीच कळत नाही, आणि डोळ्यांना जी सवय लागते ती पुढे खऱ्या कुलपावर निरुपयोगी ठरते.

आता हत्यारं. सगळे पिक कसा आहे ते विचारतात, टेन्शन पट्टीबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या मते पैसे तिच्यावर आधी घालावेत. कारण समजून घ्या. कुलपातली पिनांची भोकं कारखान्यात कितीही नीट पाडली तरी ती केसभर इकडेतिकडे असतातच. सिलिंडरवर हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडत नाहीत, एकच पिन आधी अडते. ती शोधायची आणि टकटक न करता सावकाश उचलायची. ती फिरत्या आणि स्थिर भागाच्या सीमेवर पोचली की ‘टिक्’ असं बोटाला जाणवतं आणि सिलिंडर अगदी किंचित वळतो. मग पुढची पिन अडते. हे सगळं कळतं ते पट्टी धरलेल्या बोटाला. पट्टी भोकात डुगडुगत असेल, किंवा भोक अडवून पिकला जागाच ठेवत नसेल, तर हात कितीही कसलेला असो, उपयोग नाही.

स्वस्त सेटमध्ये टेन्शनच्या पट्ट्या दोन-तीनच असतात आणि त्या सगळ्या भोकाच्या तळाशी लावायच्या. तुम्हाला हव्यात त्या दोन प्रकारच्या. तळाशी बसणारी एक रुंद आणि एक अरुंद. आणि वरच्या बाजूला, दात्यांच्या अंगाला बसणाऱ्या, टोकाशी आखूड नब (पुढे आलेला खुंट) असलेल्या सपाट जाड पट्ट्या. या दुसऱ्या प्रकाराने खालची सगळी चीर पिकला मोकळी मिळते. त्यांची जाडी साधारण 1 मिलिमीटरच्या आसपास, आणि दोन-तीन वेगवेगळ्या जाडीच्या घ्या, कारण कोणती घट्ट बसेल ते कुलूप ठरवतं. विकत मिळत नसतील तर गाडीच्या जुन्या वायपरमधल्या स्टीलच्या पट्ट्या काढा. गॅरेजवाला फुकट देतो. पक्कडीने वाकवून कानशीने टोक सारखं करा. अनेक जुनेजाणते हौशी आजही त्याच वापरतात.

पिकमध्ये एक आखूड हुक आणि एक त्याहून किंचित उंच हुक. जाडी एकाची 0.6 मिलिमीटर, दुसऱ्याची 0.5. जाड पिक दणकट आणि हाताला जास्त सांगणारा, पण अरुंद चिरेत अडकतो, तिथे बारीक लागतो. 0.4 चा मोह आत्ता नको, नव्या हाताचा जोर त्याला सोसत नाही. रेक एकच, नागमोडी किंवा तीन उंचवट्यांचा. रेक आत-बाहेर फिरवून सोपं कुलूप पटकन उघडतं आणि उत्साह टिकतो, म्हणून तो असावा. पण आठवडेच्या आठवडे रेकच फिरवत बसलात तर एक-एक पिन ओळखायला कधीच शिकणार नाही. अर्धा हिरा, बॉल अशी बाकीची तोंडं मोठ्या सेटची संख्या फुगवायला असतात.

पिक हातात आला की त्याची कड नखावरून ओढून बघा. नख खरवडलं गेलं तर ती कड कुलपातही खरखरणार, आणि ती खरखर पिनची आहे की पिकची ते तुम्हाला कळणार नाही. 400 नंबरचा पॉलिश पेपर, मग 800, मग 1000, असं हळूहळू घासा. फक्त कडा आणि तोंड घासायचं, जाडी कमी करायची नाही. हॅक्सॉ ब्लेडपासून घरी पिक करणार असाल तर ग्राइंडरवर घासताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवा. पातं निळं पडलं की त्याचा ताव गेला, मग ते वाकतं.

विकतचाच सेट हवा असेल तर कॅनडाची स्पॅरोज, अमेरिकेतल्या साउथऑर्ड आणि पीटरसन, जर्मनीतली मल्टिपिक ही विश्वासाची नावं. त्यांचाही सर्वांत छोटाच सेट घ्या आणि कस्टम ड्यूटी धरून हिशोब करा. घडीच्या चाकूसारखे, क्रेडिट कार्डच्या आकाराचे किंवा पेनात लपणारे सेट घेऊ नका. ते लपवायला केलेले आहेत, धरायला नव्हेत. पिस्तुलासारखी पिक-गन तर नकोच. तिने कुलूप उघडेल, तुम्ही काही शिकणार नाही.

कायद्याचं आणि शिस्तीचं गंभीरपणे सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 122 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं हत्यार सबळ कारणाशिवाय जवळ सापडणं हाच गुन्हा आहे. म्हणून सेट घरात, टेबलाच्या खणात. बॅगेत, गाडीच्या डिकीत, किल्ल्यांच्या जुडग्यात नाही. तुमचं कोणी जपानमध्ये असेल तर त्यांच्याकडे अजिबात पाठवू नका, तिथे 2003 च्या कायद्याने अशी हत्यारं विनाकारण बाळगायलाच बंदी आहे. आणि जगभरचे हौशी पाळतात ते दोन नियम: जे कुलूप आपलं नाही किंवा ज्याची स्पष्ट परवानगी नाही त्याला हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही, मग ते स्वतःच्या दाराचं का असेना. रेक फिरवताना पिन किंवा स्प्रिंग अडकली तर किल्लीही चालत नाही, आणि घरचे रात्री बाहेर राहतात.

1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकन ए. सी. हॉब्ज यांनी ब्रामा कंपनीने ‘उघडून दाखवा’ असं आव्हान देऊन ठेवलेलं कुलूप उघडलं. त्यांना 51 तास लागले, 16 दिवसांवर विभागून. कंपनीची परवानगी घेऊन, पंच नेमून. तुमचं पाच पिनांचं कुलूप पहिल्या रात्री उघडलं नाही तर घाबरू नका. बहुतेक वेळा टेन्शन जास्त झालेलं असतं. सगळं सोडून पट्टीवर निम्माच जोर ठेवा आणि पहिल्या पिनपासून पुन्हा सुरू करा.

कुलूप घेतल्यावर त्याचा समोरून फोटो पाठवा, चिरेचा आकार बघून कोणती पट्टी घट्ट बसेल ते सांगतो. किल्लीचा फोटो मात्र कुठेही टाकू नका, सरावाच्या कुलपाच्या किल्लीचाही नाही. दात्यांची खोली फोटोवरून मोजता येते, आणि एकदा सवय लागली की कधीतरी घराच्या किल्लीचाही फोटो जाईल.